उलट चढलेली गिरणी

तिसऱ्या खेपेलाही गाडी त्याच वळणावर थांबली.

पोलादपूर मागे टाकून उमरठच्या रस्त्याला लागलं की थोडा वेळ सपाटी मिळते आणि मग रस्ता एकदम अंगावर येतो. दोन वळणं पिकअप नीट चढली. तिसऱ्यावर इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडायला लागलं आणि चाकं मात्र हलेनात. सायकलची चेन पडल्यावर पायडल नुसतं फिरत राहावं, तसं. गाडी क्षणभर जागेवर थरथरली आणि मग मागे सरकायला लागली. प्रियदर्शिनीनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आधी उजवा पाय जमिनीवर टेकवला, मग ताठ डावा पाय दोन्ही हातांनी बाहेर ओढून घेतला. रस्त्याकडेचा एक दगड उचलून तिनं मागच्या चाकाला लावला आणि गिरणीच्या पत्र्याला पाठ टेकून उभी राहिली.

गाडीच्या हौद्यात भात भरडायची गिरणी बसवलेली होती. तिचं स्वतःचं वेगळं छोटं डिझेल इंजिन होतं. वरच्या गावांतल्या बायकांना भाताची पोती डोक्यावर घेऊन खाली उतरायला लागू नये, गिरणीच त्यांच्या दारात जावी, म्हणून तीन वर्षांपूर्वी प्रियदर्शिनीनं हे सगळं उभं केलं होतं. महाडच्या आयटीआयमधून ती डिझेल मेकॅनिक झाली होती, वर्गात एकटी मुलगी. पुढे हायवेच्या कामावर पाय दगडाखाली आला आणि डावा गुडघा कायमचा वाकायचा थांबला. क्लच दाबायचा पाय गेला म्हटल्यावर लोकांनी तिच्या गाडी चालवण्यावर फुली मारून टाकली. तिनं एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून ही जुनी पिकअप घेतली, कारण तिला क्लचच नव्हता. गाडी ऑटोमॅटिक होती. दांडा ‘डी’वर टाकायचा आणि उजव्या पायानं हाकायचं. पेणला जाऊन तिनं तसा परवाना काढला होता आणि तीन हंगाम ती याच वळणावरून वर गेली होती.

यंदा पावसाळ्यात मूळचा गिअरबॉक्स गेला. आता त्याच्या जागी दुसरा बसला होता, आणि तो या चढापुढे हात टेकत होता.

खालून एक मोटरसायकल आली आणि थांबली. भरतशेठ होता. खालच्या गावात नाक्यावर त्याची गिरणी होती, त्याच्या वडलांपासूनची. त्यानं गाडीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं आणि हेल्मेट न काढताच बोलला.

“परत काय?”

“परत.”

“मी तुला आधीच सांगितलं होतं. ऑटोमॅटिक ही शहरातल्या लोकांची चैन आहे. घाटात तिचं काम नाही. असं कर, गिरणी उतरव आणि माझ्या शेडमध्ये लाव. जागा माझी, मशीन तुझं. खुर्चीवर बसून चालव. पायालाही बरं पडेल.”

“माझ्या पायाचं मी बघते, भरतशेठ.”

“राग कशाला? वरच्या लोकांनी किती दिवस वाट बघायची? भात झोडून झालं त्यांचं. परवापासून माझ्याकडेच यायला लागलेत.”

भरतशेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या वडलांच्या काळात बौद्धवाडीचं भात दिवस मावळता मावळता, सगळ्यांचं झाल्यावर भरडलं जायचं, हे प्रियदर्शिनीनं आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची कल्पनासुद्धा तिच्या घशाखाली उतरेना. तिच्या गिरणीवर ज्याचं पोतं आधी आलं त्याचं आधी भरडलं जायचं. पाटलाचं असो की कुणाचं.

भरतशेठ गेल्यावर वीस मिनिटांनी तिनं गाडी न्यूट्रलवर हळूहळू मागे घेतली, सपाटीला लागल्यावर वळवली. ‘डी’ टाकताच गाडी निमूटपणे चालायला लागली, जणू काही झालंच नव्हतं. तिथून ती थेट दासगावला गेली.

दासगावात सावित्रीच्या काठाला महमूदचाचांची पत्र्याची शेड होती. चाचा सव्वीस वर्षं कुवेतला एका मोठ्या गॅरेजात होते आणि तिथं त्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच खोलले आणि बसवले. महाड-पोलादपुरात त्यांच्याइतकं त्यातलं कळणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा पुतण्या उबेद यानं मुंबईच्या भंगार बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स शोधून पाठवला होता. गिअरबॉक्स त्याच जातीचा, फक्त दुसऱ्या गाडीतून निघालेला. चाचांनी तो स्वतः तपासला, स्वतः बसवला. गेल्या दोन आठवड्यांत त्यांनी गिअरच्या दांड्याची सळई पुन्हा जुळवली होती, ॲक्सिलरेटरकडून येणारी वायर ताणून बघितली होती, खालचं चेंबर उघडून तेलाची जाळी बदलली होती आणि तेच तेल गाळून परत ओतलं होतं. प्रत्येक वेळी गाडी सपाटीवर झकास चालायची आणि चढावर तोंड फिरवायची.

आजही त्यांनी इंजिन चालू ठेवून, गाडी गरम असताना डिपस्टिक काढली. ती लांब पातळ पट्टी पुसली, नळीत घातली, पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेला बरोबर टेकलेलं होतं. त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला.

“तेल फुल हाय. लालभडक हाय. जळल्याचा वास नाय,” ते म्हणाले. “गिअरबॉक्सला काय धाड भरलेय?”

“मग चढत का नाय?”

चाचांनी पट्टी पुसून परत नळीत घातली. “बेटा, एक विचारू? तुझा डावा पाय ब्रेकवर टेकत नसेल ना? गुडघा वाकत नाय तुझा. चढावर जोर देताना माणूस सगळा पुढं सरतो. पाय टेकत असेल नि तुला कळत नसेल.”

प्रियदर्शिनीची कानशिलं गरम झाली. तीन वर्षं ती ह्याच पायानिशी त्याच चढावरून गेली होती.

“आणि पाय नसेल तर?”

“तर मग आतल्या प्लेटा घासलेल्या असतील. गरम झाल्या की सुटतात. तसं असलं तर ह्याला काढून टाकायचा नि तिसरा शोधायचा.” चाचांनी मान हलवली. “नायतर भरतशेठ म्हणतो ते ऐक. गिरणी एका जागी लाव.”

म्हणजे ती गोष्ट दासगावापर्यंत पोचली होती.

“गिरणी एका जागी लावायची असती, तर चाकांवर बसवली नसती,” ती म्हणाली आणि गाडी घेऊन निघाली.

घरी गीताबाईनं, तिच्या आईनं, तोंडाकडे बघूनच ओळखलं. जेवताना म्हणाली, “उमरठहून येसूबाईचा फोन आलेला. तिकडं अंगणात पोती लावून ठेवलीत. कधी येशील म्हणून विचारत होती.”

“तू काय सांगितलंस?”

“येईल म्हटलं. अजून काय सांगू?”

प्रियदर्शिनी ताटातला भात चिवडत राहिली. चाचा म्हणाले होते, गरम झाल्या की सुटतात. दोन आठवडे सगळेच गरम होण्याबद्दल बोलत होते, तीसुद्धा. पण सपाटीवर ती महाडहून दासगावला आणि तिथून घरी येत होती, गिरणीचं सगळं वजन घेऊन, आणि तेव्हा गाडी गरम होत नव्हती थोडीच. गरम होऊन सुटत असेल तर तिथंही सुटायला हवी. आणि गारठलेली गाडी चढावर घातली तर निदान पहिल्यांदा तरी चढायला हवी.

हे बघणं काही अवघड नव्हतं. त्यांची वाडी टेकाडावर होती. हायवेकडून वर येणारा रस्ता लांबीला थोडा, पण उमरठच्या वळणाइतकाच उभा. मूळ गिअरबॉक्स होता तेव्हा गाडी रोज दारात यायची. नवा बसल्यापासून ती खाली समाजमंदिराच्या पटांगणात लावायला लागत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या ती खाली गेली. डिसेंबरातलं थंड वारं सुटलं होतं, बोनेटवर दव साचलं होतं. गाडीत बसल्यावर तिनं ओढणी काढली आणि डावा पाय दाराच्या बाजूला सारून मांडीपाशी सीटच्या लोखंडाला करकचून बांधला. आता तो पाय ब्रेककडे जाऊ म्हटलं तरी जाणार नव्हता. मग गाडी चालू केली आणि गार असतानाच चढावर घातली.

शंभर पावलंही गेली नसेल. इंजिन ओरडलं, चाकं सुटली.

प्रियदर्शिनी ब्रेक धरून बसली आणि तिला हसू आलं. पाय नव्हता. उष्णताही नव्हती. दोन गोष्टी एका फटक्यात खोट्या ठरल्या होत्या आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटलं.

गाडी तिनं खाली सोडली. रस्त्याच्या तोंडाशी येऊन ती थांबली आणि वर, आपल्या घराच्या दाराकडे बघत राहिली. पावसाळ्यापासून दारात गाडी गेली नव्हती. का कुणास ठाऊक, तिच्या डोक्यात सणक आली. तोंडानं चढत नाहीस ना, मग पाठीनं चढ. तिनं पटांगणात गाडी वळवली, दांडा रिव्हर्सवर टाकला, मान मागे वळवली आणि पिकअप उलटी चढावर घातली.

गाडी चढली. इंजिन कुरकुरलं नाही, चाकं सुटली नाहीत. गिरणीचं धूड पुढे आणि गाडीचं तोंड मागे अशी ती वरात वाडीच्या मधून वर आली, तेव्हा नळावरच्या बायका हंडे तसेच ठेवून बघायला लागल्या.

“काय गो, गाडी लाजली काय?” एकीनं विचारलं.

“लाजली नाय, बोलायला लागलेय,” प्रियदर्शिनी म्हणाली.

दारात पोचून ती पुन्हा खाली गेली, तोंडानं चढवली. सुटली. पाठीनं चढवली. चढली. असं तिनं तीन वेळा केलं. मग गाडी दारात लावून पाय सोडला आणि पायरीवर बसून आईनं दिलेला चहा कपातच गार होऊ दिला.

गाडी तोंडानं चढताना नाक वर असतं, शेपूट खाली. उलटी चढताना नाक खाली. गिअरबॉक्स तोच, वजन तेच, चढ तोच. गाडीच्या आत असं काय आहे जे चढाबरोबर जागा बदलतं? दांडा बदलत नाही, प्लेटा बदलत नाहीत. कपातला चहा तिनं सहज तिरका केला. तो एका काठाला गेला आणि दुसरीकडचा तळ उघडा पडला.

चहा खाली ठेवून तिनं आयटीआयच्या दिवसांपासून ठेवलेली वही काढली.

महमूदचाचा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. तिनं सगळं सांगितलं. बांधलेला पाय, थंडगार इंजिन, उलटा चढ. चाचांनी ऐकून घेतलं, पण पायाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी नजर नदीकडे वळवली.

“तेल कमी असेल, चाचा. चढावर सगळं मागं जातं, नि पुढची जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. उलटी चढवली की तेल पुढं येतं.”

“तेल फुल हाय. तुझ्यासमोर बघितलं. रिव्हर्सच्या प्लेटा वेगळ्या असतात. त्या चांगल्या असतील, पुढच्या गेल्या असतील. त्यानं काय सिद्ध होत नाय.”

हे खरं होतं. पण तिच्याकडे दुसरा प्रश्न होता.

“तुम्ही किती लिटर ओतलंत?”

“पट्टी फुल दाखवेपर्यंत.”

“ते किती?”

चाचांचा आवाज चढला. “सव्वीस वर्षं केलंय मी हे. अरबाच्या गाड्या, गोऱ्यांच्या गाड्या. कुणी मला लिटर विचारले नाय. तू आता मला तेल भरायला शिकवणार?”

“शिकवत नाय. मोजते.”

“मोज. काय मोजायचं ते मोज.” ते उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि नमाजाला निघून गेले.

प्रियदर्शिनी एकटीच उरली. शेडच्या कोपऱ्यात तेलाचे रिकामे डबे रचून ठेवले होते, लिटरचा एकेक. ऑटोमॅटिकचं लाल तेल दुसऱ्या कुठल्या गाडीला लागत नव्हतं, तेव्हा ते सगळे तिच्याच गाडीचे. तिनं मोजले. सात. सातव्यात तळाला थोडं तेल उरलेलं होतं. वहीत तिच्या हातचं लिहिलेलं होतं, दोन वर्षांपूर्वी मूळ गिअरबॉक्स पूर्ण रिकामा करून भरला होता तेव्हा त्याला नऊ लिटर लागलं होतं. हाही गिअरबॉक्स त्याच जातीचा. दोन लिटर कुठे गेलं?

महरुन्निसाचाची, महमूदचाचांची बायको, पाणी घेऊन आली. रिकाम्या डब्यांची रांग बघून तिनं काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या हातात देत म्हणाली, “भांडलात काय?”

“थोडंसं.”

“भांड. पण त्यांना एक सांगू नको की मी सांगितलं. जवळचं दिसत नाय त्यांना आता. सुईत दोरा मी ओवते. डॉक्टरकडं चला म्हणते तर म्हणतात, माझे हात बघतात.”

चाची गेली तशी प्रियदर्शिनी गाडीकडे वळली. पट्टी खोटं बोलत असेल तर का? पट्टी मूळ गाडीचीच होती. नव्या गिअरबॉक्सबरोबर पट्टी आलीच नव्हती, भंगारात कुठेतरी हरवली होती, म्हणून चाचांनी जुनी वापरली. पण नळी? पट्टी ज्या नळीतून खाली जाते ती नळी गिअरबॉक्सला लागून येते. तिनं बोनेट उघडलं. नळी नव्या गिअरबॉक्सची होती. जुनी कुठे असेल? शेडच्या मागे, उंबराच्या झाडाखाली जुना गिअरबॉक्स मातीत पडला होता आणि नळी अजून त्याला चिकटलेली होती.

बोल्ट गंजला होता. पाना दोनदा सटकला आणि तिच्या बोटांची साल निघाली. तिसऱ्यांदा बोल्ट सुटला. मग गाडीवरची नळीही तिनं काढली आणि दोन्ही नळ्या शेडच्या जमिनीवर शेजारी ठेवल्या, खालची टोकं भिंतीला टेकवून.

वरची टोकं जुळत नव्हती. नवी नळी जुनीपेक्षा दोन बोटं आखूड होती.

चाचा परत आले तेव्हा ती तिथेच, नळ्यांशेजारी बसलेली होती. त्यांनी आधी नळ्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. ते खाली बसले. बघितलं नाही, हातानं चाचपलं. अंगठा एका टोकावरून दुसऱ्या टोकावर नेला, मागे आणला, पुन्हा नेला. मग पट्टी उचलली, जुन्या नळीत घातली, काढली, नव्या नळीत घातली. नव्या नळीच्या खालच्या टोकातून ती दोन बोटं जास्त बाहेर आली.

“आखूड नळी,” ते म्हणाले. “पट्टी तेवढी खाली जाते. तेल दोन बोटं कमी असलं तरी बुडते नि फुल दाखवते.” पट्टी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली. “मी ही दहादा काढली असेल. दहादा पुसली.”

“दुसऱ्या गाडीतला गिअरबॉक्स होता. त्या गाडीची नळी आखूड असेल. कुणाच्याही लक्षात आलं नसतं.”

“कुणाच्याही नको. माझ्या यायला पाहिजे होतं.” त्यांनी तिच्या साल निघालेल्या बोटांकडे बघितलं. “नि वर तुझ्या पायाला दोष दिला. ते चुकलं माझं. गिअरबॉक्सचं चुकलं ते चुकलं, पण हे जास्त चुकलं.”

दोन आठवड्यांचा राग प्रियदर्शिनीनं मनात तयार ठेवला होता आणि तो घेणारं समोर कुणी उरलंच नव्हतं.

“तुमच्याकडं तेल हाय?” तिनं विचारलं.

तेल होतं. जुनी नळी साफ करून तीच नव्या गिअरबॉक्सला बसवली. ब्रॅकेट जुळत नव्हतं, ते चाचांनी वाकवून जुळवलं आणि त्यात त्यांचे हात खरोखरच बघत होते. इंजिन चालू करून पट्टी घातली, तर ती कोरडी बाहेर आली. पहिलं लिटर ओतलं, अजून कोरडी. दुसऱ्या लिटराच्या अर्ध्यावर खालची खूण ओली झाली. गाडी हायवेवर फिरवून गरम करून आणली, पुन्हा बघितलं, उरलेलं ओतलं. आता वरच्या खुणेला जे तेल लागलं ते खरं होतं. पट्टी वाचायला चाचांनी ती प्रियदर्शिनीच्या हातात दिली आणि स्वतः बघायचा हट्ट केला नाही.

“उद्या मी येतो बरोबर,” ते म्हणाले. “सोबत म्हणून नाय. बघायला.”

सकाळी ते दोघं निघाले. नाक्यावर भरतशेठच्या गिरणीपुढे सात-आठ माणसं पोती घेऊन बसली होती. पिकअप समोरून गेली तशी भरतशेठ दारात आला. प्रियदर्शिनीनं हॉर्न वाजवला नाही, हात केला नाही. गाडी त्याच वेगानं पुढे गेली.

सपाटी संपली. पहिलं वळण, दुसरं. चाचांनी समोरच्या पत्र्यावर तळवा टेकवला होता, डॉक्टर छातीवर ठेवतात तसा. तिसरं वळण आलं. प्रियदर्शिनीचा उजवा पाय नेहमीच्या सवयीनं ब्रेककडे जायला निघाला, तिनं तो जागीच धरला. इंजिनाचा आवाज भरला, जड झाला, गिअर आपला आपण खाली पडला आणि गाडी ओझ्याखालच्या बैलासारखी मान खाली घालून वळण चढली. चौथं वळणही चढली. त्यानंतर तिनं वळणं मोजली नाहीत.

चाचांनी तळवा काढला. “दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात जाताना झटका मारतो,” ते म्हणाले.

“मारू दे.”

“मारू दे कसं? ते बघायला लागेल.”

उमरठात येसूबाईच्या अंगणात तेरा पोती उभी होती. गिरणी चालू झाली तशी बायका घराघरातून बाहेर आल्या. कोंडा उडून सगळ्यांच्या केसांवर बसला. चाचांना कुणीतरी ओट्यावर घोंगडी टाकून दिली, पण ते बसले नाहीत. गाडीखाली वाकून तेल कुठं गळतंय का ते हातानं चाचपत राहिले. दुपार कलेपर्यंत पोती संपली.

शेवटचं पोतं जानकीबाईचं होतं. ती खडकवाडीची. खडकवाडी उमरठच्याही वर, दोन डोंगरांच्या मधल्या खांद्यावर. तिनं तांदळाची दोन ओझी बांधली, एक डोक्यावर ठेवलं आणि दुसरं लेकीच्या डोक्यावर द्यायला वाकली.

“तुमच्याकडं अजून किती जणांचं राहिलंय?” प्रियदर्शिनीनं विचारलं.

“वाडीचं सगळंच. नऊ घरं. कोण आणणार खाली एवढं? काही खालच्या नाक्यावर जायला निघालेत, उद्या.”

“रस्ता कुठवर हाय?”

“वाडीपर्यंत हाय. पण कच्चा. नि उभा. गाडी कुणाची येत नाय. पंचायतीची जीप आली ती अर्ध्यातून परत गेली.”

चाचांनी हे ऐकलं. ते गाडीखालून उठले, गुडघ्यावरची माती झटकली. “आज एवढं पुरे, बेटा. नवं काम हाय. एक दिवस चालवू, तेल परत बघू, मग वर.”

त्यांचं बोलणं शहाणपणाचं होतं, आणि हे प्रियदर्शिनीलाही कळत होतं. तिनं इंजिन चालू केलं, डिपस्टिक काढली, पुसली, घातली, काढली. वरच्या खुणेवर. मग गाडीखाली बघितलं. एक थेंबही नव्हता.

“जानकीबाई,” ती म्हणाली, “ओझी हौद्यात ठेवा. लेकीला घेऊन पुढं बसा.”

“येशील? खरंच?”

“बसा.”

चाचांनी एकदा वरच्या रस्त्याकडे बघितलं. मग दार उघडून हौद्यात चढले आणि गिरणीच्या लोखंडाला घट्ट धरून उभे राहिले. पुढे जागा चौघांची नव्हतीच.

प्रियदर्शिनीनं दांडा सर्वांत खालच्या गिअरवर टाकला, म्हणजे गाडीनं मधे वरचा गिअर घ्यायचा विचारच करू नये. रस्ता जानकीबाईनं सांगितला त्याहून वाईट होता. पावसानं मधोमध घळ पाडली होती. चाकं दोन्ही काठांवर ठेवून चालवायला लागत होतं. एका ठिकाणी मागचं चाक मुरमात फिरलं, गाडी वाकडी झाली आणि जानकीबाईच्या लेकीनं आईचा हात पकडला. प्रियदर्शिनीनं पाय उचलला नाही आणि जास्त दाबलाही नाही. इंजिन ओढतं आहे, हे तिच्या पाठीला कळत होतं. ओढ होती. सुटत नव्हती. चाक मुरूम उकरत खडकाला लागलं आणि गाडी पुढे आली.

“उजवीकडं घे, उजवीकडं,” मागून चाचा ओरडत होते. ती डावीकडून गेली, कारण उजवीकडे काय होतं ते तिला दिसत होतं.

खडकवाडीच्या पहिल्या घराशी गाडी थांबली तेव्हा अंगणातली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिनं कपाळाशी हात धरून हौद्यातलं यंत्र बघितलं, यंत्राला धरून उभा असलेला कोंड्यानं पांढरा झालेला माणूस बघितला.

“कसली गाडी गो ही?”

“गिरणी,” जानकीबाई उतरता उतरता म्हणाली. “भात काढा सगळ्यांनी.”

तोवर दारं उघडायला लागली होती. कुणीतरी पोतं ओढत आणलं. महमूदचाचा खाली उतरले, गाडीखाली वाकले, हात फिरवून बघितला आणि उभे राहिले.

“कोरडं हाय,” ते म्हणाले. “पण झटका मारतो तो. गुरुवारी दासगावला घेऊन ये. दिवसभराचं काम हाय.”

“शुक्रवारी आणते,” प्रियदर्शिनी गिरणीच्या इंजिनाला हँडल घालत म्हणाली. “गुरुवारी मी इथं. या वाडीचा वार गुरुवार.”

“आज काय ठरवून आलीस?”

“आता ठरवलं.”

तिनं हँडल फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या फिरवणीला इंजिन सुरू झालं आणि त्याचा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला.